मोराच्या हॉर्नचा ट्रॅक्टर

"उजवा पाय रं, उजवा! ज्या हातानं जेवतोस त्या बाजूचा!" पल्लवीनं ओरडून ढोल थांबवला.

इंद्रजितनं आपल्या दोन्ही पायांकडं संशयानं बघितलं. "अगं, सांगलीत आमचे सर आरशासमोर नाच शिकवतात. आरशात उजव्याचं डावं होतं. ती सवय लागलीय मला!"

"हितं आरसा न्हाई, हितं मी हाय! चल, पुन्यांदा!"

संयोगिता खदखदून हसली. हसतानाही तिची बोटं बाजेच्या लाकडावर ताल धरून होतीच. ही पोरगी एका जागी दोन मिनिटं शांत बसेल तर शपथ! वर्गात बाक वाजव, जेवताना ताट वाजव, अंघोळीला गेली की बादली वाजव. त्यात या हिवाळ्यात तिला नवीनच वेड लागलं होतं. ऊसतोडणी सुरू झाली की कुंडलच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. प्रत्येक ड्रायव्हरचा हॉर्न निराळा. कुणाचा रडणाऱ्या बाळाचा, कुणाचा रेल्वेचा, कुणाचा चार सुरांच्या गाण्याचा. संयोगिता आईच्या जुन्या, काच तडकलेल्या फोनवर ते सगळे टिपून ठेवायची. चाळीस हॉर्न जमले होते! "याचा काय उपयोग?" असं घरातलं प्रत्येक माणूस निदान एकदा विचारून दमलं होतं.

इंद्रजित तिचा आतेभाऊ. कुपवाडहून नाताळच्या सुट्टीला आला होता. त्याचे बाबा तिथल्या कारखान्यात कामाला, त्यामुळं तारा, स्क्रू आणि मोडक्या वस्तू हाच त्याचा खजिना. आणि पल्लवी? ती म्हसवडकडची. दिवाळी झाली की तिकडून मेंढरांचे कळप इकडं येतात. ऊस तुटलेल्या रानात चार-आठ रात्री मेंढरं बसवली की जमिनीला फुकटचं खत मिळतं. यंदा पल्लवीच्या घरचा तळ संयोगिताच्या चुलत्यांच्या, म्हणजे लालासाहेब नानांच्या रानात पडला होता. पल्लवी एरवी मावशीकडं राहून सातवीत शिकायची आणि सुट्टी लागली की मेंढरांमागं यायची. आल्या आल्या दोघींचं असं काही सूत जमलं, की एकीला शिंक आली तर दुसरीनं नाक पुसावं!

परवा गावच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि त्यात ही मंडळी ढोलाच्या तालावर धनगरांचं गजी नृत्य करणार होती. पल्लवी पाहुणी म्हणून ढोल वाजवणार! कल्पना संयोगिताची. तिनंच पल्लवीच्या आज्ज्याकडं, सयाजीआबांकडं चार दिवस लकडा लावला होता. त्यांच्या घरात हा ढोल आजवर एकाही मुलीच्या गळ्यात गेला नव्हता. पल्लवी वाजवायला शिकली ती पालथ्या घमेल्यावर, मेंढरांमागं फिरताना. शेवटी म्हातारबाबा म्हणाले होते, "परवापतूर दिला. जपला तर फुडचं बघू. न्हाईतर पुन्यांदा ढोलाचं नाव काढायचं न्हाई."

"आवाज बसलाय बघ," पल्लवी ढोलावर थाप मारून म्हणाली. "रातच्या गारठ्यानं कातडं ढिलं पडलंय. जरा उनात ठेवू या."

"बाजेवर ठेव!" संयोगिता म्हणाली. "तवर आपण इंद्याचा स्पीकर आणू."

"पन ढोलाकडं कोण बघल हितं?"

"अगं, आपल्या नानांचंच अंगण हाय! कोण येतंय?"

तिघं पलीकडच्या संयोगिताच्या घराकडं पळाली. इंद्रजितनं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेला स्पीकर माळ्यावर होता. डबा दिसायला केविलवाणा, पण आवाज असा, की शेजारच्या म्हशी दावं तोडायच्या! स्पीकर उतरवून सायकलच्या कॅरिअरला बांधत असतानाच अंगणाच्या बाजूनं एक हॉर्न वाजला. आधी मोर ओरडल्यासारखा, मग सनईचा तुकडा.

"नवा हाय! नवा हाय!" संयोगितानं झटकन फोन काढून तो टिपला. "एकेचाळिसावा!"

आणि तिघं अंगणात परतली, तर बाज रिकामी होती.

"कुठाय?" पल्लवीचा आवाज एकदम बारीक झाला.

बाजेखाली बघितलं. गोठ्यात बघितलं. कडब्याच्या गंजीमागं बघितलं. ढोल नाही! बाजेजवळ नानांची शेळी उभी होती आणि तिच्या तोंडातून कातड्याची वादी लोंबत होती.

"हिनं खाल्ला!" इंद्रजित किंचाळला.

"येवढा मोठा ढोल? शेळी हाय का अजगर?" संयोगिता त्याच्यावर खेकसली. पण 'कोण येतंय' असं म्हणणारी तीच ना!  पल्लवीनं रागावून दोन शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं. ती नुसती बाजेच्या सुंभावरून हात फिरवत होती आणि ते बघून संयोगिताला रडू यायला लागलं.

"रडायचं नंतर," इंद्रजित म्हणाला. "आधी बघू. सकाळी इथं काय होतं आणि आता काय नाही?"

"ढोल न्हाई!" संयोगिता म्हणाली.

"ते सोडून!"

संयोगितानं चौफेर नजर फिरवली. "ट्रॉली! उसानं भरलेली ट्रॉली अंगणाच्या कडंला हुती. ती गेली. आणि मोळ्या चढवायची शिडी आडवी पडलीय."

शिडीपाशी चाकांचे ताजे वण होते. इंद्रजितनं खाली वाकून काहीतरी उचललं. चष्मा! एका काडीला दोरा गुंडाळलेला. असा चष्मा पंचक्रोशीत एकाच माणसाचा होता.

"नाना शिडीवर कशाला चढले हुते?" संयोगिता पुटपुटली. मग तिचे डोळे विस्फारले. "शेळी वादी खात हुती... नानांनी ढोल उचलला... आणि शेळीला घावू नये म्हणून..."

तिघं घरात घुसली. लालासाहेब नाना फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. फौजेतल्या मित्राशी फोनवर बोलताना ते असे रंगायचे, की शेजारी बॉम्ब फुटला तरी 'एक मिनट' म्हणायचे. आताही त्यांनी हात हलवून पोरांना परतवलं.

"नाना! ढोल ट्रॉलीवर ठेवलाय का तुमी?"

"व्हय. शेळी खात हुती, म्हणून वर उनात... एक मिनट..." आणि नाना थबकले. फोन हळूच कानावरून खाली आला. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. "आयला! ट्रॉली कुठं गेली?"

"कारखान्याला!" तिघं एका सुरात ओरडली.

"मग घाबरता कशाला? तिथं ट्रॅक्टर दोन-दोन दिवस रांगेत असत्यात. दुपारी जेवण करून जाऊ निवांत."

ओसरीवर ऊसतोडणीच्या टोळीतली बयाबाई पाण्याची कळशी भरून घ्यायला आली होती. ती तिथूनच म्हणाली, "आवं नाना, आज रांग कुठली? काल टोळ्यांचा बाजाराचा दिस हुता, तोडी बंद हुत्या. कारखान्याला ऊसच कमी पडलाय. गेली ट्रॉली की झाली रिकामी!"

हे ऐकल्यावर सुभेदारांचीही तंतरली. ट्रॅक्टर कुणाचा होता ते त्यांना ठाऊक नव्हतं. टोळीच्या मुकादमाचा फोन बंद. ते धावत बुलेटकडं गेले. पण थंडीत ती बुलेट म्हणजे रुसलेली बाई! नानांनी किक मारली, बुलेट खोकली. पुन्हा मारली, पुन्हा खोकली.

"नाना, ही उठंपतूर आमी जाऊन येतो!" संयोगितानं पल्लवीला सायकलवर डबलसीट घेतलं. इंद्रजित दुसऱ्या सायकलवर मागं. त्याच्या कॅरिअरवरून स्पीकर सोडायलाही कुणाला वेळ नव्हता.

गार वाऱ्यानं कान झोंबत होते. रस्त्यावर सांडलेल्या उसाच्या कांड्यांवरून सायकली उडत होत्या. पल्लवी मागून म्हणाली, "संयू, आज्जा मला रागावणार न्हाई. नुसता ढोल आत ठिवल आणि गप बसल. त्येच लय वाईट हाय."

"ढोल मिळणार!" संयोगिता दात-ओठ खात पायडल मारत होती. "मिळालाच पायजे!"

कारखान्याच्या फाटकावर वॉचमन काठी आडवी धरून उभा. "पोरांना आत सोडत न्हाई. काय काम हाय?"

"काका, एका ट्रॉलीवर आमचा ढोल ऱ्हायलाय!"

"ट्रॅक्टरचा नंबर?"

"ठाऊक न्हाई."

"ड्रायव्हरचं नाव?"

"त्येबी न्हाई."

"मग मी काय ज्योतिषी हाय?" वॉचमननं काठी आपटली. "घरी जा, अभ्यास करा."

फाटकातून आत नजर टाकली, तर रांग छोटी असूनही वीस-पंचवीस ट्रॅक्टर. सगळे लाल नाहीतर निळे, सगळ्यांमागं ऊस, सगळ्यांवर गाणी ठणाणा लावलेली. आणि पार समोर ती गव्हाण! ही काही गुरांची गव्हाण नव्हे. एक लांबलचक खोल खड्डा. क्रेन आख्ख्या ट्रॉलीतला ऊस एका झटक्यात उचलून त्यात ओतते, आणि पुढं फिरणारी पोलादी पाती त्याचा भुगा करतात. एक ट्रॉली ओतली जाताना तिघांनी बघितली. धडाम्! पल्लवीनं डोळे मिटून घेतले.

संयोगिताच्या पायाखाली जणू निखारे होते. ती फाटकासमोर येरझाऱ्या घालायला लागली. नंबर नाही, नाव नाही. काय आहे आपल्याकडं? काय आहे?

"इंद्या!" ती एकदम थांबली. "हॉर्न हाय आपल्याकडं!"

"म्हणजे?"

"अंगणातनं वाजला न्हवं का मघाशी! ट्रॉली जोडून निघाला तवाचाच हाय त्यो. आता ह्ये सगळे ड्रायव्हर बघ, च्या प्यायला भायेरच्या टपरीवर बसल्यात. आपल्या गाडीचा हॉर्न दुसऱ्यानंच वाजवला तर माणूस काय करंल?"

इंद्रजितच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "बोंबलत पळेल!"

दोन वायरी जुळल्या, फोन लागला, आणि डबा खरखरला. "म्यॉऽव! म्यॉऽव! पीं पीं पींऽऽ!"

काही नाही. गाण्यांच्या गोंगाटात मोर बुडून गेला.

"आवाज वाढव!"

"स्पीकर फाटेल गं!"

"फाटू दे!"

इंद्रजितनं बटण शेवटापर्यंत पिळलं. या वेळी मोर असा ओरडला, की टपरीवाल्याच्या हातातला चहा सांडला! आणि कोपऱ्यात वडापाव खात बसलेला एक मिशाळ तरुण ताडकन उठला. "कोण रं त्यो माझ्या गाडीवर चढलाय!" म्हणत तो फाटकाकडं धावला.

"सापडला!" तिघं त्याच्या वाटेत आडवी झाली. "दादा, तुमच्या ट्रॉलीवर आमचा ढोल हाय!"

"माझ्या ट्रॉलीवर ऊस हाय! सरका!"

"आवं, लालासाहेब नानांच्या अंगणातनं भरलेली न्हवं का? नानांनीच वर ठेवलाय! हॉर्न आमीच वाजवला. तुमी यावं म्हणून!"

ड्रायव्हरनं एकदा डब्याकडं आणि एकदा पोरांकडं बघितलं. त्याचं नाव शंभूराज. 'गाडी जरा फुडं घे' असं दोस्ताला सांगून तो खुशाल खायला बसला होता. आता त्यानं आत बघितलं आणि त्याच्या हातातला वडापाव गळून पडला. "मेलो! माझीच गाडी गव्हाणीवर लागलीय!"

क्रेनचा हूक खाली येत होता. शंभूराज हात हलवत, ओरडत पळत सुटला. वॉचमनलाही आता प्रकार कळला. त्यानं गाल फुगवून शिट्टी फुंकली. पण वर केबिनमधला क्रेनवाला ढिम्म! शिट्ट्या तर दिवसभर वाजतात तिथं. हूक अडकला. साखळदंड ताणले गेले. उसाचा भारा थरथरत वर उचलला जायला लागला.

"पल्लवी, कायतरी कर!" संयोगिता कळवळून ओरडली.

पल्लवीनं दोन बोटं जिभेखाली घातली. दोनशे मेंढरं ओढ्याच्या पलीकडं गेली की त्यांना वळवायची ती शीळ! बारीक, धारदार, शेवटाला वर चढत जाणारी. असली शीळ त्या आवारात कधी कुणी ऐकली नव्हती. एकदा! दोनदा! क्रेनवाल्यानं दचकून खाली मान वळवली आणि त्याला हातांची फुली करून नाचणारा शंभूराज दिसला.

क्रेन थांबली. ऊस हवेत लोंबकळत राहिला.

शंभूराजनं भारा हळूच खाली उतरवून घेतला आणि तो उसावर चढला. थोड्या वेळानं ढोल छातीशी धरून तो फाटकावर आला. पाचट चिकटलेलं, एक वादी तुटलेली, पण ढोल शाबूत! पल्लवीनं तो ओढूनच घेतला आणि त्याच्यावर गाल टेकला. संयोगितानं दोघांनाही, म्हणजे पल्लवीला आणि ढोलाला, मिठी मारली.

तेवढ्यात धडधड करत बुलेट आली. नानांच्या मागं सयाजीआबा बसले होते. नानांनी उतरल्या उतरल्या सगळं ऐकून घेतलं, टाचा जुळवल्या आणि तिघांना खाडकन सॅल्यूट ठोकला. "फौजेत असता तर मेडल दिलं असतं! चूक माझी हाय, सयाजीआबा. पोरांनी निस्तरली."

"वॉचमन म्हणून इतकी वर्षं उभा हाय," वॉचमन म्हणाला, "पन अशी डोकी बघितली न्हाईत!"

 म्हातारबाबांनी मात्र ढोल हातात घेतला, फिरवून फिरवून बघितला. पल्लवी मान खाली घालून म्हणाली, "आज्जा, नानांची चूक न्हाई. तू माझ्याकडं दिला हुतास. म्या जपला न्हाई."

"तिची न्हाई, माझी चूक हाय!" संयोगिता पुढं झाली. "बाजेवर ठेव म्हणून मीच सांगितलं."

"ऱ्हावा की जरा," म्हातारबाबा म्हणाले. त्यांनी शंभूराजकडून सुतळी मागून घेतली, तुटलेल्या वादीच्या जागी ती ओवली, गुडघा टेकून सगळ्या गाठी आवळल्या. "तुज्याएवढा हुतो तवा माझ्याकडनंबी हरवला हुता ह्यो. भर जत्रंत. भ्यालो आणि दोन दिस घरीच गेलो न्हाई. बापानंच हुडकून आणला." ते हसले. "तू पळून न्हाई गेलीस. मागं धावलीस."

मग त्यांनी ढोल उचलला आणि आपल्या हातानं पल्लवीच्या गळ्यात घातला.

"चैतात बिरोबाच्या जत्रंला तूच वाजीव. माझं गुडघं न्हाई आता गजीत टिकायचं. बघू, हात कसा हाय तुझा!"

पल्लवीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते पुसायलाही ती थांबली नाही. तिनं कमरेला खोचलेली ढोलाची काठी काढली आणि कारखान्याच्या फाटकासमोर, साऱ्या ड्रायव्हरांच्या देखत, आज्ज्याच्या पुढ्यात उभं राहून पहिल्यांदा त्याचा ढोल वाजवला.