बारक्याचा ठोका

काम एवढंच होतं की फ्रिज पाचव्या मजल्यावर न्यायचा. टेम्पोवाल्याने तो गेटच्या आत उतरवला, "लिफ्ट आहे ना, मग काय टेन्शन" म्हणाला आणि धूर सोडत पसार झाला. आणि लिफ्ट बंद. साधी बंद पण नाही, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे कुठेतरी लोंबकळत होती. आजच राहायला आलेली ताई फ्रिजला पाठ लावून जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. लिफ्टवाल्याला फोन करून झाला होता, तो "निघालोच" म्हणाला होता, म्हणजे तो अजून घरीच असणार. बाहेर पार काळोख झालेला आणि डिसेंबरची थंडी जिन्यातनं सरळ पाठीत शिरत होती.

तिचा धाकटा भाऊ गप्प बसणाऱ्यातला नाहीच. त्याने जाळीचा दरवाजा जोर लावून हातभर सरकवला, मोबाईलचा टॉर्च लावला आणि वर काय अडकलंय ते बघायला मान आत घातली.

पुढच्या सेकंदाला त्याची कॉलर कुणीतरी मागून धरली होती.

तळमजल्यावरचे म्हातारे काका. आयुष्यभर ऑफिसच्या इमारतींमधून इलेक्ट्रिशियनचं काम केलेले, त्यामुळे अख्खी बिल्डिंग त्यांना मीटरकाकाच म्हणते. त्यांनी पोराला मांजराच्या पिल्लासारखं मागे ओढलं, जाळी बंद केली, हँडल दोनदा हलवून खात्री केली. मग घरातून खुर्ची आणली आणि बरोबर जाळीला पाठ करून बसले. म्हणजे आता त्यांना उचलल्याशिवाय तिकडे जाणं शक्य नाही.

"काका, मी फक्त बघत होतो."

"बघतानाच जातात," काका म्हणाले.

असं बोलून कोणी गप्प बसलं तर कसं चालेल? ताईने विचारलंच, कोण गेलं. काकांनी थोडे आढेवेढे घेतले, पण त्यांना सांगायचंच होतं, ते दिसत होतं. आपल्या ओळखीचा माणूस आहे, म्हणाले, दोन गल्ल्या सोडून राहतो, ऐकीव काही नाही.

"पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात घट्ट बसवा. यातला बारक्या मेलेला आहे. हॉस्पिटलात मेला, डॉक्टरने लिहून दिलं, लोकांनी खांदा दिला. पटलं?"

"काका, भुताच्या गोष्टीत एक तरी माणूस मेलेला लागतोच," भाऊ म्हणाला, "नाहीतर ती शेजाऱ्याची गोष्ट होईल ना."

काका हसले नाहीत. "पटलं का, ते सांग."

"पटलं."

"तू गं?"

"पटलं, काका. मेलाय."

"लगेच पटतं," काका म्हणाले, आणि मग सुरू झाले.

तर दोघं जण होते, लिफ्ट दुरुस्त करणारे. अप्पा आणि बारक्या. भागीदार म्हणा, जोडगोळी म्हणा, बावीस वर्षं एकच स्कूटर दोघांत. अप्पा आडदांड, तो वर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत. बारक्या नावासारखाच, लिफ्टखालच्या खड्ड्यात आरामात मावायचा. पण तो खड्ड्यात असायचा त्याचं खरं कारण वेगळं होतं. त्याला उंचीची जाम भीती. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली बघितलं तरी भिंत धरायचा. बावीस वर्षांत एकदाही तो मशीनच्या खोलीत गेला नाही. अप्पा चिडवायचा, तू मेल्यावर तरी वर येणार की नाही रे? बारक्या म्हणायचा, तू आहेस ना वर, मग मी कशाला येऊ.

आता एक वर, एक खाली, मधे सहा मजले. खड्ड्यात मोबाईलला रेंज नाही, आणि ओरडलं तर आवाज नुसता घुमतो, 'हो' म्हणाला की 'नको', काही कळत नाही. म्हणून त्यांनी स्वतःची पद्धत काढली होती. लिफ्ट ज्या लोखंडी रुळावरून सरकते तो खालपासून वरपर्यंत एकसंध जातो. खालच्याने त्यावर पान्याने ठोका मारायचा, वरच्याने रुळावर तळवा ठेवून बसायचं. दोन ठोके म्हणजे मी बाहेर आलो, हलव. एक ठोका म्हणजे थांब. मग जो जिथे असेल त्याने तिथेच थांबायचं, पुढचे दोन ठोके येईपर्यंत कोणी हलायचं नाही. आणि एकदा दोन ठोके दिले की आत काहीही राहिलेलं असो, पुन्हा खड्ड्यात पाय टाकायचा नाही.

बारक्याची एक सवय होती. थांबायचा ठोका मारला की तो पाना उचलायचा नाही, तसाच रुळावर घासत न्यायचा. ठक... खर्रर्र. अप्पाच्या अंगावर काटा यायचा त्याने. शिव्या घालून थकला, बारक्या काही सुधारला नाही.

ऑगस्टमध्ये बारक्याला ताप आला, डोक्यात गेला, आठवड्यात संपला. अप्पा शेवटपर्यंत उशाशी होता. पुढचा उजवा खांदा त्याचाच.

धंदा तर चालवायला हवा. बायकोचा धाकटा भाऊ बेकारच होता, त्याला अप्पाने हाताशी घेतलं. मेहुणा हुशार, चटपटीत, तोंडाळ. अप्पाच्या बायकोने त्या दिवशी नवऱ्याला एवढंच सांगितलं, "अहो, त्याला सांभाळा. आईबाबा गेले तेव्हा सात वर्षांचा होता, मीच मोठा केलाय." अप्पा म्हणाला, माझ्या हातात आहे ना तो, मग काळजी नको.

इथे ताईने भावाकडे बघितलं. तो मोबाईल खाली ठेवून ऐकत होता.

पहिल्याच महिन्यात सुरू झालं. मेहुणा दोन ठोके द्यायचा, अप्पा बटणाकडे हात न्यायचा आणि तळव्याला जाणवायचं. ठक... खर्रर्र. अप्पा थांबायचा. सगळे मजले उतरून धापा टाकत खाली. मेहुणा बाहेर उभा, काय भाऊजी, काय झालं? काही नाही. खड्ड्यात बघायचा, काही नाही. पुन्हा वर. कधी आठवड्यातून एकदा, कधी दिवसातून दोनदा. थांबला म्हणून काही झालं नाही की काही होणारच नव्हतं, हे कळणार कसं? एका तासाच्या कामाला अर्धा दिवस जायला लागला. गिऱ्हाइकं कटकट करायला लागली. मेहुणा तर बहिणीला घरी नक्कल करून दाखवायचा, अप्पा कसा पाय ओढत जिना उतरतो आणि आपल्यालाच भूत समजून कसा बघतो.

मग सगळे समजवायला बसले. बायको, शेजारी, अप्पाचा थोरला भाऊ. डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर चांगला होता, थट्टा नाही केली. म्हणाला, तुमच्या मनाने हे अजून मान्य केलेलं नाही. रोज कामाला हात लावण्याआधी स्वतःला मोठ्याने सांगा. जे खरं आहे तेच सांगा. बारक्या मेलाय, मी स्वतः खांदा दिलाय.

अप्पा म्हणायला लागला. रोज, स्कूटरला किक मारण्याआधी. आणि सांगतो काय, ठोके कमी झाले. नोव्हेंबर संपेपर्यंत बंदच. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. बायकोला रात्री झोप लागायला लागली.

मग आली चोवीस डिसेंबर. मंगळवार.

सहा मजली ऑफिसची इमारत, लिफ्ट जुनीपुराणी, खड्डा उथळ. दुसऱ्या दिवशी सुट्टी, म्हणून काम संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ठेवलेलं. माणसं गेली, दिवे गेले, जिन्यात एक बल्ब. निघताना मेहुण्याने अप्पाला स्पष्ट सांगितलं होतं, आज जर उगाच खाली आलात ना भाऊजी, तर मी पाना तिथेच टाकून निघून जाईन, मला हसतात लोक. अप्पा म्हणाला, नाही येणार.

त्या इमारतीत रुळाचं टोक मशीनच्या खोलीच्या फरशीतून हातभर वर आलेलं. अप्पा त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसला. खोलीत तो एकटा. मोटर, दोर, एक पिवळा दिवा. गार वारा दाराच्या फटीतून आत येत होता.

खाली मेहुण्याचं काम झालं. तो वर चढून बाहेर आला आणि जाळीतून हात घालून पान्याने रूळ ठोकला.

ठक. ठक.

अप्पाने हात बटणाकडे नेला.

ठक... खर्रर्र.

जवळजवळ महिन्याने.

अप्पाचा हात जागच्या जागी राहिला. आणि एक जाणवलं त्याला. आजचा ठोका मोठा होता. नेहमी खालून यायचा तो पार झिरपत, दमून आल्यासारखा. आजच्याने तळव्याला झिणझिण्या आल्या.

त्याने मोठ्याने म्हटलं, "बारक्या मेलाय."

मोटर गप्प. दोर गप्प.

ठक... खर्रर्र.

"मी स्वतः खांदा दिलाय."

तो दारापर्यंत गेला. खाली जावं. सहा मजले. मग मेहुणा पाना टाकून जाईल. बायको पुन्हा रात्रभर छताकडे बघत बसेल. पुन्हा तो डॉक्टर. अप्पा दारात उभा राहिला. किती वेळ, ते त्यालाही नाही सांगता येत. खाली जायचं होतं त्याला. पायच पुढे पडेना. सगळ्या जगाने मिळून एक गोष्ट पटवली होती आणि ती गोष्ट खरीच होती.

मागे फिरला.

ठक.

या वेळी खर्रर्र आलंच नाही. नुसता ठक. आणि पुन्हा ठक नाही. थांबलेलं काहीतरी... त्याच्या उत्तराची वाट बघत.

"बारक्या मेलाय," अप्पा म्हणाला. रडत म्हणाला.

आणि बटण दाबलं.

काका थांबले. वर कुठेतरी एका घरात भांडं पडलं आणि ताईने भावाचा दंड धरला.

"मेहुण्याचा टॉर्च आत राहिला होता," काका म्हणाले. "जळत होता, एवढंच. दोन ठोके दिल्यावर बघितला त्याने. जाळी उघडली, उडी मारली. खड्ड्यात लाल बटण असतं, दाबलं की लिफ्ट हलत नाही. बाहेर येताना त्यानेच ते सोडवलेलं, आणि पुन्हा आत जाताना दाबायचं राहिलं. दुरुस्तीच्या वेळी दार उघडं असलं तरी लिफ्ट चालेल असं करून ठेवतात."

"पण मग तो ठोका... त्यानेच मारला असेल ना, आतून?" भावाने विचारलं.

"पाना बाहेर होता. फरशीवर."

मेहुणा दोन दिवस होता हॉस्पिटलात. शुद्धीवर आला तेव्हा अप्पा उशाशी. अप्पाला वाटलं, आता हा शिव्या देईल, आणि त्याला त्या हव्याच होत्या. मेहुणा एवढंच म्हणाला, "भाऊजी, ठोका ऐकला मी. वाटलं, तुम्हीच वरून थांब म्हणताय. निघणारच होतो बाहेर. म्हणून थांबलो."

ताईला ते समजायला एक क्षण लागला. मग समजलं. एक ठोका म्हणजे जो जिथे असेल त्याने तिथेच थांबायचं. खालच्याने ऐकलं होतं.

"आणि त्यांची बायको?" तिने विचारलं.

"एका घरात राहतात. ती त्याला काही बोलली नाही. अजून बोलली नाही."

अप्पाने धंदा सोडला. संध्याकाळी काकांकडे येऊन बसतो. कधीतरी त्याला मन मोकळं करायचं असतं, काका मुद्दाम टीव्ही बंद करतात. तो घसा साफ करतो आणि म्हणतो, बारक्या मेलाय, मी स्वतः खांदा दिलाय. मग तोंड उघडं राहतं, पुढे शब्द नाही. इतक्या वर्षांत त्याची गोष्ट त्या पहिल्या वाक्याच्या पुढे गेलेली नाही. बाकीचं सगळं तुकड्या-तुकड्यांनी काढावं लागलं.

"म्हणून आमच्याकडून वदवून घेतलंत?" भाऊ हळूच म्हणाला.

"कसं पटकन पटलं, बघितलंस?"

गेटबाहेर मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. लिफ्टवाला असावा. काका खुर्चीवरून उठले नाहीत.

"त्या इमारतीची वायरिंग माझ्याकडे होती," ते म्हणाले. "चार दिवसांनी मला मोटरची लाईन तोडायला गच्चीवर पाठवलं. त्या दिवसापासून खोलीला कुलूप. मी आत गेलो, बॅटरी मारली. अप्पाचं स्टूल तसंच होतं. आणि रुळाचं जे टोक फरशीतून वर आलेलं..."

त्यांनी तळवा उभा धरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावरून सावकाश खाली रेघ ओढली.

"तिथे. स्टुलाच्या अगदी शेजारी. बाकीचा रूळ ग्रीसने काळा, आणि तेवढाच ताजा खरवडलेला. वीतभर. चांदीसारखा चमकत होता."