मामांची डावखुरी कात्री

मामा गेले तेव्हा छोटेचा फायदाच झाला, असं बोलणारे बोलले. आणि हिशेबानं पाहिलं तर ते खोटंही नव्हतं.

सलूनमधली खिडकीजवळची खुर्ची त्याला मिळाली. दुकानाच्या किल्ल्या मिळाल्या. रेडिओचं बटण मिळालं. चाळिशी उलटली तरी गिऱ्हाइकं त्याला 'छोटे मास्तर' म्हणायची, त्यातला 'छोटे'ही आता गळून पडणार होता.

छोटे माझा मामेभाऊ. पुढचं बरंचसं त्याच्या आणि वहिनीच्या तोंडून ऐकलंय, आणि शेवटचं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. भुतं रात्री येतात म्हणे. हे भर दुपारी घडलं, उघड्या दुकानात. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मला सोडता येत नाही.

मामा डावखुरे. त्यांची कात्रीही डावखुरी, मुद्दाम घडवून घेतलेली. ती उजव्या हातात धरली तर केस कापलेच जात नाहीत, पात्यांमध्ये दुमडून अडकतात. छोटेनं लहानपणी चोरून चालवून पाहिली होती आणि कानाखाली खाल्ली होती.

कात्री चालवायची मामांची एक लकब होती. दोनदा हवेत, मग एकदा केसांत.

चिक्‌ चिक्‌... चक्‌.

"हवेत कशाला वाजवता, मास्तर?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "हाताला विचारून घेतो. कापलेलं परत लावता येत नाही, बाबा."

बाप गेल्याचं इतरांना एकदा सांगून मोकळं होता येतं. सलूनवाल्याच्या नशिबी ते नाही. ज्याचे केस जसे वाढतील तसा तो येणार. दाढीवाले लगेच आले. केस कापणारे महिनाभर येत राहिले. प्रत्येक जण दारातून विचारायचा, "मास्तर कुठायत?" आणि छोटे दर वेळी नव्यानं सांगायचा.

सगळ्यात शेवटी टकलू कंत्राटदार आला. ज्याच्या डोक्यावर पीक कमी, त्याला बातमी उशिरा.

"अरे, मला कुणी कळवलं कसं नाही?" म्हणत तो खुर्चीतच हमसून रडला.

छोटे रडला नाही. ज्याच्या हातात वस्तरा आहे, त्यानं रडून कसं चालेल?

फक्त मामांची कात्री त्यानं आवरून ठेवली नाही. "राहू दे ट्रेमध्ये," म्हणाला. "आत ठेवली की..."



एक रिटायर झालेला पोस्टमन होता. मामांच्या हाताखाली तो हटकून झोपायचा, वर घोरायचा. छोटेच्या हाताखाली त्याला कधी डुलकीसुद्धा लागली नव्हती.

त्या दुपारी त्याला कापड गुंडाळून छोटे टॉवेल आणायला आतल्या खोलीत गेला. बाहेर रेडिओवर बातम्या चालू होत्या.

मध्येच रेडिओ बंद पडला.

पंख्याचा आवाजही येईना.

आणि मग...

चिक्‌ चिक्‌... चक्‌.

छोटे पडदा सारून बाहेर आला, तर पोस्टमन घोरत होता. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. कापडावर पांढरे केस पडले होते. डाव्या कानामागची बाजू कापून झाली होती... सुबक, सरळ.

डावखुरी कात्री ट्रेमध्येच होती. छोटेनं तिला हात लावला.

कडी कोमट होती. आत्ताच कुणी अंगठा काढून घेतल्यासारखी.

दुसरा कुणी असता तर धूम ठोकली असती. छोटेनं दार लोटून घेतलं. आरशात पाहिलं. आरशात तो होता, झोपलेला पोस्टमन होता. बाकी कुणी नाही.

"बाबा?" तो हळूच म्हणाला.

आणि तो रडला. मामा गेल्यापासून पहिल्यांदा.

मग डोळे पुसून त्यानं ती कात्री डाव्या हातात घेतली. जन्मात कधी न जमलेली कात्री... चालायला लागली.

"मास्तर, आज हात अगदी बाबांचा लागला हो!" पोस्टमन जागा होऊन म्हणाला.

बातमी पसरली. बाकावर जागा पुरेना. टकलू कंत्राटदार तर नसलेले केस कापायला दर आठवड्याला यायला लागला. छोटे घरी येऊन सांगायचा, "आज बाबा खुशीत होते." वहिनी ताट वाढता वाढता थांबायची.

पण फुकटात कुणाला काय मिळालंय?

आधी छोटेच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मग हातातून चहाचा कप सुटला. मग शर्टाची बटणं लागेनात. डॉक्टरांनी हरतऱ्हेनं तपासलं. "हातात दोष काहीच नाही," ते म्हणाले. मग डावा हात उलटा करून पाहिला. "हा अंगठ्याचा घट्टा किती वर्षांचा?"

छोटे बघत राहिला. घट्टा त्याच्या ओळखीचा होता. लहानपणी मामांचा हात धरून शाळेत जाताना तोच तर हाताला लागायचा.

घाबरायचं सोडून त्यानं तो घट्टा गालावर फिरवला. हे त्यानं मला नंतर सांगितलं, मान खाली घालून.

लेकीचे केस रोज छोटेच विंचरायचा. एका सकाळी ती ओरडली, "आजोबा, हळू ना!"

"कोण आजोबा?"

तिनं जीभ चावली. "चुकून म्हटलं."

पण संध्याकाळी ती वहिनीच्या कानात कुजबुजली, "आई, बाबा कधी येणार?"

बाबा समोरच बसले होते.

त्या दिवशी वहिनी मामीपुढं रडली. "आई, ती कात्री फेकून देते मी."

"कात्री फेकली म्हणून माणूस जातो होय गं?" मामी म्हणाली. "त्यांना सांगायला हवं."

"ते कुणाचं ऐकायचे का कधी?"

"नाही. पण मी बोलले की गप्प बसायचे. तेवढंच पुरे."

मामीच्या केसांची टोकं घरी मामाच कापायचे. लग्न झाल्यापासून दुसऱ्या कुणाची कात्री त्या केसांना लागली नव्हती. मामा गेल्यापासून केस तसेच वाढत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दाढी करायला बाकावर बसलो होतो. दारात मामी उभी. आयुष्यात तिनं दुकानाची पायरी चढली नव्हती. आली ती थेट खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आणि अंबाडा सोडला.

"टोकं काप," म्हणाली.

छोटेनं उजव्या हातानं आपली कात्री उचलली. बोटं मिटेनात. डावा हात मात्र आपणहून ट्रेकडे गेला...

चिक्‌ चिक्‌... चक्‌.

मामीनं डोळे मिटले. मी तिचा चेहरा आरशात पाहत होतो. महिनोन्‌महिने आवळलेला तो चेहरा हळूहळू सैल पडला. ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. तिनं तसंच बसून राहायचं ठरवलं असतं तर कुणी तिला दोष दिला नसता. दर महिन्याला येऊन बसली असती. नवरा उरला असता.

डावी बाजू कापून झाली.

मामीनं डोळे उघडले.

"अहो," ती म्हणाली. छोटेकडे बघून नव्हे. आरशात, त्याच्या खांद्याच्या जरा वर बघून. "मला बरं वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण नात विचारते, बाबा कधी येणार. तिच्या वयाला शोभत नाही हो हा प्रश्न. माझ्या वयाला शोभतो."

रेडिओ बंद पडला.

"पोराचा हात पोराला द्या. तुम्ही निघा. मी आवरून येते मागनं."

कात्री हवेत होती.

चिक्‌ चिक्‌...

आम्ही तिघंही थांबलो. पुढचा आवाज आला नाही.

मग छोटेचा डावा हात खाली आला. कात्री ट्रेमध्ये पडली. तो खुर्चीची पाठ धरून लहान पोरासारखा रडायला लागला, आणि डोळे पुसायला त्यानं वर नेला तो हात... उजवा होता.

"आई, उरलेली बाजू मी कापतो," तो म्हणाला.

"राहू दे." मामीनं अर्धवट केसांचाच अंबाडा बांधला आणि घरी गेली.

छोटेचा हात महिन्याभरात ताळ्यावर आला. लेकीला बाबा मिळाले. गर्दी ओसरली, पोस्टमन झोपेच्या शोधात दुसरं दुकान धुंडाळतोय. छोटेला आता फक्त वडील नाहीत, आणि ते त्याला कळतं. सगळ्यांचं भागलं म्हणायचं.

मामीचं सांगतो.

मामांना जाऊन वर्ष उलटून गेलं. तिच्या केसांची उजवी बाजू कमरेपर्यंत आली. डावी बाजू त्या दुपारी जिथं कापली... तिथंच आहे. केसभरही वाढलेली नाही. वहिनीनं ओंजळीत धरून पाहिली. मीही पाहिली.

"सारखे करून देऊ का?" छोटे अधूनमधून विचारतो. ती नको म्हणते.

दुपारी घर सामसूम झालं की मामी आखूड बाजू पुढं घेऊन बसते. टोकांवरून अंगठा फिरवते, आणि कान देऊन ऐकत राहते. काहीही ऐकू येत नाही. तरी रोज बसते.

सगळ्यांच्या वाटचं देणं तिनं एकटीनं भरलंय. अजूनही भरतेच आहे.