जिन्यातली तार

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्याने इथेच सोडावी, उगाच फाटे फोडत बसू नये. माझी उत्तरा आत्या खोटं बोलत नाही. आणि त्या संध्याकाळी मधुकररावांच्या उजव्या हाताची बोटं गेली, हे तर सगळ्या कॉलेजला माहीत आहे.

साल १९८६. संक्रांत नुकतीच झाली होती. नागपुरात अंबाझरीच्या बाजूचं एक कॉलेज. नाव सांगणार नाही.

हॅलेचा धूमकेतू आला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लोक तो बघायला येणार होते.

आत्या तिथे फिजिक्सची टेम्पररी लेक्चरर. मधुकरराव जुने डेमॉन्स्ट्रेटर, तिला मोठ्या भावासारखे. दोघांनी मिळून दुर्बिणीला मोटर बसवली होती. दुर्बीण गच्चीवर, कॉलेजचा एकुलता एक कॉम्प्युटर खालच्या खोलीत, आणि मधे जिन्यातून सोडलेली लांब तार. कॉम्प्युटरवर आकडे टाकून बटण दाबलं की दुर्बीण वळायची.

आणि आदल्याच संध्याकाळी ती ढिम्म हलेना!

प्राचार्यांनी बजावलं होतं, लोकांसमोर फजिती झाली तर पक्क्या नोकरीचं विसरा.

मोटरची दात्यांची चाकं उघडीच होती. म्हणून दोघांनी एक शिस्त ठेवली होती. खालून आत्याने विचारायचं, "हात बाहेर?" वरून मधुकररावांनी ओरडायचं, "बाहेर!" मगच बटण दाबायचं.

आत्याने आधी तार तपासायला घेतली. वरचं टोक मोटरपासून काढायचं आणि त्यातली निरोप वर नेणारी तार खाली आणणाऱ्या तारेला जोडायची. मग खाली जे टाइप करावं तेच फिरून पडद्यावर येतं. आलं, तर तार चांगली.

अक्षरं बरोबर परत आली.

"भाऊ, तार चांगली आहे! सोडवा आता."

"सोडवली!"

तिने सहज आणखी एक कळ दाबली...

अक्षर परत आलं.

"भाऊ, सोडवली नं?"

"अवो बाई, दोन्ही टोकं माह्या हातात आहेत! काहून विचारून राहिल्या?"

तिने पुन्हा दाबलं. थोडा वेळ काहीच नाही. मग तेही आलं... कुणी आधी वाचावं आणि मग परत द्यावं, तसं.

आत्या घाबरली नाही. चिडली. तार मधेच कुठे सोलली असणार, दोन तारा एकमेकींना चिकटल्या असणार. जिन्यातला बल्ब गेला होता. बॅटरी घेऊन तिने वरपर्यंत सगळी तार हाताने चाचपली. तार धड होती, आणि थंडीने गार पडली होती.

फक्त मधल्या वळणावर, वीतभर... कोमट लागली.

खाली येऊन तिने तार पुन्हा जोडायला सांगितली. शिस्तीप्रमाणे विचारून आकडे टाकले, बटण दाबलं. मोटर गप्प.

"चाकात काही अडकलं का, पाहतो," वरून मधुकरराव ओरडले.

मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

बाहेर अंधारत होतं. धूमकेतू थोड्याच वेळात मावळणार होता. आत्याचा धीर सुटला.

"हात बाहेर?"

तिने आणखी मोठ्याने विचारलं.

"भाऊ... हात बाहेर?"

"बाहेर!"

मधुकररावांचाच आवाज. थोडा जवळून आल्यासारखा.

तिने बटण दाबलं.

या वेळी मोटर चालली. आणि वरून जी किंकाळी आली, ती आत्याला अजून झोपेत ऐकू येते.

दवाखान्यात मधुकररावांच्या हाताला कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. आत्या रडत म्हणाली, "भाऊ, तुम्ही 'बाहेर' काहून म्हणाले?"

मधुकररावांनी उशीवरून मान उचलली.

"मी? हात चाकात असताना? बाई, मी तुम्हाले विचारलं, हात घालू का. तुम्हीच म्हणाल्या नं... 'घाला, मी बंद केलं.'"

आत्या असं काहीच बोलली नव्हती. त्यांनी विचारलेलंही तिच्यापर्यंत आलं नव्हतं.

प्रयागबाई, त्यांची बायको, उशाशी बसली होती. ती उठली. "माणसाचा हात गेला, अन् तू खोटं बोलून राहिली वं? जाय इथून!"

आत्याने नोकरी सोडली. मधुकरराव पुढे तिच्याशी कधीच बोलले नाहीत. ते वारले तेव्हाही प्रयागबाईने तिला दारातून परत पाठवलं. एवढी वर्षं झाली, तरी आत्या ते सांगताना पदर तोंडाला लावते.

पण एक गोष्ट तिने त्यांना कधी सांगितलीच नाही. ती आठवली दवाखान्यातून बाहेर पडल्यावर.

किंकाळी ऐकून ती अंधारात जिना चढत धावली होती. त्या वेळी इमारतीत दोघांशिवाय कुणीही नव्हतं, आणि मधुकरराव तर वर गच्चीवरच होते. मधल्या वळणावर ती कुणाला तरी धडकली आणि घाईत ओरडली, "सरका!"

आणि त्याने भिंतीला अंग चोरून तिला वाट दिली.