पाण्याला दिलेला हातमोजा

सेरवालला येणाऱ्या पाहुण्यांचा दिवस ठरलेला असतो. सकाळी डोंगरावरचा पडका किल्ला, मग चर्चमधल्या काळ्या मेरीसमोर एक मेणबत्ती, दुपारी चीज-बटाट्याचं जड जेवण, आणि त्या जेवणाची सुस्ती उतरवायला शेवटी शासान्य नावाच्या घराण्याची गुहा. फ्रान्समधल्या ओव्हर्नच्या त्या भागात अशी गुहा दुसरी नाही.

गुहा म्हणजे काय, तर झरा. कोमट, लोखंडाच्या वासाचा. त्या पाण्यात चुना इतका की त्याखाली काहीही ठेवा, हळूहळू त्याचा दगड होतो. शासान्य घराण्याचा धंदाच तो. उंच लाकडी शिड्यांवरून पाणी सोडायचं आणि पायऱ्यांवर रबरी साचे, टोपल्या, पक्ष्यांची रिकामी घरटी मांडायची. दर आठवड्याला प्रत्येक वस्तू फिरवायची, नाहीतर एका बाजूलाच दगड चढतो. वर्षभरानं पांढरीशुभ्र दगडी टोपली तयार. पाहुणे हौसेनं घेऊन जातात.

सोलीन ही त्या घरातली एकुलती मुलगी. वस्तू फिरवायचं काम तिचं. साचे तिचे बाबा करायचे, फिर्मां; पायाशी त्यांचा कुत्रा. आणि तिकिटाच्या खिडकीत बसायची ऑर्तांस आत्या. ही आत्या म्हणजे अशी बाई, की तिकीट देता देता गिऱ्हाइकाच्या बुटांवरून त्याची अक्कल काढायची.

ओनोरे काका होता तोवर गुहेत दोघं भाऊ असायचे. फिर्मां थोरला, ओनोरे धाकटा. ओनोरे गेल्या शरद ऋतूत छातीत कळ येऊन गेला. दोघं एका शिडीला खांदा लावायचे, पण एकमेकांशी बोलायचे नाहीत. भांडण कशावरून, तर पावावरून. हसू नका. तिकडे घरात पाव कापतो तो घरचा धनी. पाव छातीशी धरायचा, सुरीच्या टोकानं त्याच्या बुडावर क्रूस काढायचा आणि मग कापायचा. ओनोरे डावखुरा. आजोबांनी भरल्या ताटावर सांगितलेलं, "डाव्या हाताचा क्रूस या घरात चालणार नाही." त्यामुळे ओनोरेच्या हातात सुरी कधी आलीच नाही. तो आयुष्यभर टेबलाच्या टोकाला बसून वाट बघत राहिला आणि कापलेल्या पावाचं कडक टोक सोलीनकडे फेकत राहिला. "घे, बेडके!" लहानपणी ती सारखी झऱ्यात खेळायची म्हणून बेडके. हे नाव फक्त त्याचं.

आणि या घराची एक रीत होती. घरातलं माणूस गेलं की त्याची एक वस्तू झऱ्याखाली ठेवायची. आजोबांचा बूट, आजीचा चष्मा, सगळं दाराजवळच्या फळीवर दगड होऊन बसलेलं. फक्त गेलेल्या माणसाचीच वस्तू, हं. आणि पाण्याला दिलेलं परत घ्यायचं नाही.

सोलीननं ओनोरे काकाचा डावा हातमोजा दिला. शिड्या ओढताना दोघं भाऊ जाड कातडी हातमोजे घालायचे, एकाच दुकानातून घेतलेले. बोळात दोघांच्या खुंट्या शेजारीशेजारी. तिनं मोजा काढला, आत वाळू भरली आणि ठेवला शिडीवर. तळवा वर.

हिवाळा सरता सरता बाबांच्या हातून एक साचा पडला.

"म्हातारा झालास," आत्या म्हणाली.

"तुझ्याहून लहान आहे मी."

"म्हणून तर म्हणते. मी नाही पाडत काही."

मग बाबांना डाव्या हातात पाव धरता येईना. सोलीन धरायची, बाबा उजव्या हातानं कापायचे. सुरी मात्र कोणाला देत नसत. क्लेर्मों शहरातल्या डॉक्टरनं सांधेदुखी म्हणून सांगितलं, मलम दिलं. मग ईस्टरच्या सुट्टीत एक डच बाई गुहेच्या पायऱ्या उतरत होती. बाबांनी तिला आधार म्हणून डावा हात दिला, तर तिनं पटकन आपला हात काढून घेतला आणि नवऱ्याला काहीतरी म्हणाली. नंतर सबंध वेळ ती भिंतीला धरून चालली.

बाबांच्या हाताच्या पाठीवर पांढरट भुकटी दिसायला लागली. धुतली की जायची. सकाळी परत यायची.

आत्या म्हणायची, "हात नाही, आळस गोठलाय तुझा." पण हल्ली म्हणताना त्याच्याकडे बघायची नाही.

एकदा सूप पिताना बाबांचा डावा हात टेबलावर आपटला. टक्. कपाळ दारावर आपटल्याचा आवाज असतो ना, तसला नाही. गोटा फरशीवर पडावा तसा.

आणि त्याच आठवड्यात बाबांनी विचारलं, "माझा डावा हातमोजा बघितलास का गं? खुंटीवर उजवा एकटाच आहे."

सोलीनला तो दिवस आठवला. शेजारीशेजारी खुंट्या. अंधारा बोळ. आपण जिवंत माणसाचा मोजा दिला!

ती तशीच गुहेत पळाली. मोजा शिडीवर होता, नखाएवढा जाड दगड चढलेला. आता तो कोणाचा हे कळायला वाव नव्हता. तिनं तो तळवा वर करून ठेवलेला, दर आठवड्याला फिरवलेला. बोटं मात्र सरळ असायची. आज ती पायरीभोवती वळलेली होती.

तिला तो ओढून सोडवावा लागला.

फोडायची हिंमत झाली नाही. फोडताना बोट तुटलं तर? त्यापेक्षा व्हिनेगर. चुन्याचा दगड व्हिनेगरमध्ये विरघळतो हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तळघरात घरच्या व्हिनेगरचं पिंप होतं. तिनं बादली भरली, मोजा बुडवला. बादली फसफसायला लागली.

दुसऱ्याच दिवशी आत्यानं गाठलं. "पिंप अर्धं कुठं गेलं? यंदा लोणच्याच्या काकड्या कशात घालू, तुझ्या डोक्यात?"

सोलीननं सगळं सांगितलं. आत्या खुर्चीत बसली. तिनं आपला एप्रन चाचपला.

"परत घ्यायचं नाही गं पोरी," एवढंच म्हणाली.

"मग काय बाबांचा हात जाऊ देऊ?"

आत्या उठून तिकिटाच्या खिडकीकडे गेली.

पण गुण आला! करंगळी आधी हलली. मग मधलं बोट. सोलीन रोज व्हिनेगर बदलायची, रोज एक थर सुटायचा आणि रोज बाबांचं एक बोट मोकळं व्हायचं. शेवटी अंगठाही वळला. बाबांनी मूठ मिटली, उघडली, परत मिटली. लहान मुलासारखे बघत राहिले. सोलीन रडली.

रविवारी दुपारी पाहुणे किल्ल्यावर होते, गुहा रिकामी होती. सोलीन अंगणात मोजा वाळत घालत होती. आत्या तिकिटाच्या खोपटाकडून आली. तिच्या हातात एक चघळलेला, चिखलानं माखलेला हातमोजा होता.

"हा बघ फिर्मांचा. कुत्र्यानं खोपटाखाली नेऊन पुरलेला."

"बाबांचाच कशावरून?"

"कुत्रा त्याचा. ओनोरेच्या वस्तूला तो कधी तोंड लावायचा नाही. आणि ओनोरेच्या मोज्यात निळा दोरा असायचा. त्यानंच घातलेला, आतून."

सोलीननं हातातला मोजा मनगटाशी उलटा केला.

निळा दोरा होता. बारीक टाके, डावीकडून घातलेले.

म्हणजे तिची चूक झालीच नव्हती.

तिनं बरोबर माणसाचा मोजा दिला होता. आणि पाण्याकडून परत घेतला होता.

"जेवायला या!" आतून हाक आली.

टेबलावर सूप होतं. बाबांनी पाव घेतला. छातीशी धरला, कोपरानं दाबून. त्यांनी सुरी उचलली आणि पावाच्या बुडावर क्रूस काढला. सावकाश, अगदी नीटस.

डाव्या हातानं.

आत्याचा डाव हवेतच राहिला.

त्यांनी पहिला काप काढला. कडक टोक. ते सोलीनच्या ताटाकडे फेकलं आणि हसले.

"घे, बेडके."

त्यांचा उजवा हात ताटाशेजारी होता. जेवायला बसल्यापासून तो हलला नव्हता. आत्यानं डाव खाली ठेवला, तेव्हा तो त्या हाताला हलकेच लागला.

टक्.