कल्पिताने सोडलेलं घर

"ऐकीव नाही ही गोष्ट," धोंडिरामकाका म्हणाले. "कल्पिताची आई आमच्या गावची. आणि त्या फ्लॅटचा ब्रोकर मीच."

लाईट गेली म्हणून पोरं गच्चीवर जमली होती. त्यांत नेत्रा होती. तिचं भाड्याचं ॲग्रीमेंट महिनाअखेरीला संपत होतं.

"काका, भूत भेटलं तर त्याच्याकडूनपण एक महिन्याचं भाडं कमिशन घ्याल तुम्ही," ती म्हणाली.

काका हसले नाहीत, सांगू लागले.

गेल्या वर्षीचा शुक्रवार, अठ्ठावीस नोव्हेंबर. रात्री पावणेदहाला कल्पिता चारकोपच्या नव्या घरून भांडुपला आली. तीन दिवसांपूर्वीच तिने तिथला फ्लॅट सोडला होता. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, ॲग्रीमेंट वाढलं नाही. सहा वर्षांतलं तिचं हे पाचवं घर. आज वर जाऊन एकदा नळ बघायचे आणि गेटवर थांबलेल्या काकांना चावी द्यायची, एवढंच काम होतं.

तिच्या आईची एक रीत होती. भाड्याच्या घरात शिरताना उंबऱ्यावर नारळ ठेवायचा आणि घराला आपण आल्याचं मालवणीत सांगायचं, "इलंय. अकरा म्हयने सांभाळ." सोडताना निघाल्याचं सांगायचं, "निघतंय." चार घरांत कल्पिताने ते नेमाने केलं. या पाचव्या घरात आली तेव्हा मात्र ती पार दमली होती. खोक्यावर बसली आणि म्हणाली, "आता मी इथून हलणार नाही." सोडताना रागाच्या भरात काहीच बोलली नाही.

चौथ्या मजल्यावर दाराखालून उजेड येत होता. मेन स्विच तर तिनेच बंद केला होता.

आत कुणी भांडी घासत होतं. मग खोकला आला. कोरडा... तिचाच.

तिने कुलपाला चावी लावली.

"कोण आहे?"

आतून आलेला हा आवाजही तिचाच.

कल्पिता घाबरली. पण भीतीपेक्षा थकवा मोठा होता. आत जावं. पडावं. पुन्हा खोकी बांधूच नयेत...

चावी अर्धी फिरली.

आतून कडी सरकली.

"ये ना," आवाज म्हणाला. "दमलीस."

...

तिने चावी उपसली. दाराला कपाळ टेकलं.

"निघतंय," ती म्हणाली.

 

मग उजेड गेला.

"रडली?" नेत्राने विचारलं. आता तिचा आवाज खाली आला होता.

"नाही गं. चावी दिली, वर घडलेलं सांगितलं, रिक्षात बसली. रिक्षा वळायच्या आत झोपली होती."

सकाळी काकांनी मालकासोबत दार उघडलं. घर रिकामं होतं. मालकाने गुरुवारीच आपल्या चावीने उघडून नवा रंग दिलेला. त्या भिंतींत मालकाने आजवर एकाही भाडेकरूला खिळा ठोकू दिला नव्हता.

हॉलच्या भिंतीत, डोक्याच्या उंचीवर, एक खिळा होता. भोवतीच्या रंगाला साधा तडाही नाही. आणि खिळ्यावर गंज चढला होता, वीस-पंचवीस वर्षांचा; जणू तेवढी वर्षं कुणी तिथून हललंच नव्हतं.