नरसिंहाची भावकी

पोखर्णीत रस्त्याकडेच्या शेतात राजेश्री भेंडीचं फूल खुडत होती, तेवढ्यात मागून आवाज आला, “ओ मॅडम, भेंडी सोडून फुलंच का न्यायलात?”

ती वळली आणि... बाई गं! शेताचा मालक इतका देखणा असेल, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती परभणीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकणारी, फुलं गोळा करायला आलेली. तो नागेश. त्यानंतर तिचा भेंडीचा अभ्यास काही केल्या संपेना. सर वैतागले, नागेश मात्र खूश होता.

मग एका शनिवारी ती आईवडिलांसोबत नरसिंहाच्या दर्शनाला आली. त्यांचं कुळदैवतच ते! देवळात नागेश भेटला, आईशी चार शब्द बोलला, आणि पुढच्या वेळी शेतात स्वारी काय म्हणते — “या, राजेश्रीताई!”

ती फुलं खुडायची थांबली. “ताई कोण?”

“तुमीच की.” त्याची मान खाली. “तुमचं कुळदैवत नरसिंह, आमचंबी तेच. म्हंजी भावकीच झाली ना... मला लय उशिरा कळलं.”

उशिरा! म्हणजे याच्याही मनात होतं तर. तिला रडू आणि हसू एकदमच आलं. तिनं बांधावरच्या तरोट्याचं पिवळं फूल तोडलं.

“पाकळ्या किती?”

“पाच.”

“भेंडीला?”

“पाचच.”

“मग ही सख्खी भावंडं?”

“छ्या! कुठं तरोटा, कुठं भेंडी!”

“तेच तर! पाच पाकळ्या लय जुनी खूण हाय, पार मूळ पुरुषापासून आलेली. कितीतरी झाडांत दिसती. जवळचं नातं कळतं ते मागून आलेल्या खुणेवरून. कापसाचं फूल बघा, भेंडीवानीच मधी परागाची नळी. तरोट्यात हाय का?”

“न्हाई...”

“नरसिंह तर अर्ध्या तालुक्याचा! सगळ्या पोरींकडून राखी बांधून घेता का? देवक एक असलं तरच भावकी. तुमचं सांगा.”

“पंचपल्लव.”

“आमचं कळंब.”

नागेशचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. “मग आजच आमच्या आश्रुबामामाला तुमच्या घरी धाडतो! सुपारी दिवाळीआधी, अन् लगीन —”

“थांबा,” ती म्हणाली. “देव झाला, देवक झालं... मला कोण विचारणार?”

त्यानं चिखलाचे हात सदऱ्याला पुसले, पुन्हा पुसले.

“राजेश्री... तुमी मला लय आवडता. नांदाल माझ्यासंगं?”

“नांदीन,” ती म्हणून गेली, आणि मग इतकी लाजली की परभणीची एसटी समोरून निघून गेली तरी तिला हात करायचं सुचलं नाही.