थबकणारा पोलीस

सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात प्रताप नगरातल्या एका जिन्यावर प्रेमिला चढली, ती टायपिंगचा क्लास समजून. आत पाहते तर टीव्हीसारखा एक कॉम्प्युटर आणि त्याच्यासमोर चष्मा लावलेला रविंद्र.

"टायपिंग खाली आहे जी," तो मान वर न करता म्हणाला. मग त्यानं मान वर केली... "पण बसा ना."

अशा वेळी शहाण्या मुलीनं निघून जावं. ही बसली!

स्क्रीनवर त्यानं चौकोनी घरांच्या पटावर चोर-पोलिसाचा खेळ रचला होता. चोर आपण चालवायचा, बाहेरच्या दारातून पळवायचा; पोलीस कॉम्प्युटर चालवणार. पोलीस असा नाकासमोर धावून यायचा की प्रेमिला चार पावलांत सापडायची.

"हा माणूस नाही वाटत."

"काहून?"

"माणूस चुकते जी. वळणावर थबकते. उगाच मागं पाहते..."

झालं! रोज दुपारी हेच सुरू झालं. कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास, हिरवट उजेड, शेजारी-शेजारी दोन खुर्च्या. ती माणसांच्या खोडी सांगायची, तो त्या पोलिसाला शिकवायचा. पोलीस थबकू लागला, भलत्याच गल्लीत शिरू लागला. शिकवणारा मात्र तिच्याकडे चोरून बघायचा आणि पकडला गेला की चष्मा पुसत बसायचा. टायपिंग राहिलं ते राहिलंच.

मग मौद्याच्या शाळेतून नोकरीचं पत्र आलं. सोमवारी हजर व्हायचं, राहायचंही तिथंच. शनिवारी ती सांगायला आली. हा आता तरी काही बोलेल, एवढीच तिला आशा होती.

"छान झालं," तो म्हणाला.

प्रेमिलाला रडूच यायला लागलं.

"एक डाव... खेळून जा."

तिचा चोर बाहेरच्या दाराशी पोचला. मागून पोलीस धावत आला आणि एक घर अलीकडे थांबला. पकडेना, की मागे फिरेना.

"अडकला तुमचा पोलीस. चुकलं काही तरी."

"चुकलं नाही जी." त्याचे कान लाल झाले होते. "जाऊ नका, असं म्हणायचं आहे त्याले... हिंमत होऊन नाही राहिली."

"त्याले?"

कूलर घरघरत राहिला.

"मले," रविंद्र म्हणाला.

दार समोर उघडं होतं. प्रेमिलानं चोराला मागे वळवलं आणि सरळ पोलिसाच्या घरात नेऊन उभं केलं. स्क्रीन जागच्या जागी गोठली. एकही बटण चालेना!

"चोर आपणहून येईल, हे... हे मी लिहिलंच नव्हतं," तो पुटपुटला.

"मग लिही ना गा!" ती पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे करत हसली. डोळे अजून ओलेच होते. "मौद्याहून दर रविवारी येईन मी. तोवर शिकव त्याले."